नारळ बांधलेली व्हॅन

शेवंती तोडणकरणीने आपल्या नवऱ्याला ग्रामपंचायतीत बेवारस म्हणून नोंदवलं आणि आता त्याला क्रेनने उचलून नेणार, अशी बातमी मासळीबाजारातून निघाली ती दुपारपर्यंत सगळ्या वाडीत फिरली. काही बायकांनी तर 'बरा झाला' असा शेराही मारला. दत्ताराम तोडणकर त्या वेळी पडवीत बसून बांगड्याचं तिखलं ओरपत होता. हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेही बातमी पुढे ढकलतच होते, कारण खऱ्या गोष्टीत तेवढी चव नव्हती. शेवंतीने तक्रार केली होती ती एका व्हॅनची.

ही व्हॅन पाणंदीच्या तोंडाशी उभी होती. पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो म्हणून कुणी बाहेरचा गडी आला, हंगाम आटोपला तसा गेला, आणि गाडी मागे टाकून गेला. चाकं वाळूत बसली, नंबराची पाटी कुणी काढून नेली, मागच्या सीटवर एका कोंबडीने पिल्लं काढली. दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा. त्यामुळे माणसाने आडवं होऊन, पोट आत ओढून जायचं. वाडीला त्याचंही काही वाटेनासं झालं. आमच्याकडे गैरसोय जुनी झाली की तिला आम्ही रस्ता म्हणतो.

पण शेवंतीची सासू काशीबाई खळ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि तिला सावंतवाडीला लेकीकडे ठेवलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही, पण गाडी थेट पायरीपर्यंत गेली पाहिजे, उचलाउचल चालणार नाही. आणि पायरीच्या वाटेवर तर व्हॅन ठाण मांडून बसलेली.

काशीबाई रोज फोन करायची.

"माका हयसर झोप येणा नाय. दर्याची गाज नाय, हयच्या तळ्याक काय आवाज आसता?"

"येतंय न्हेवक, वाईच धीर धरा."

"तू मुद्दाम उशीर करतंस. माका सगळा कळता."

शेवंती सुकी मासळी विकते. बाजारात तिला बोलण्यात हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पण हे वाक्य तिला लागलं. फोन ठेवला, टोपली तशीच सोडली, नवं पातळ नेसली आणि ग्रामपंचायतीत गेली.

तिथे ग्रामसेविका नम्रता, वयाने लहान पण कामाला चोख. तिच्यापुढे शेवंतीने आपली राखीव मराठी बाहेर काढली.

"मॅडम, आमच्या पाणंदीमध्ये एक वाहन विनाकारण वास्तव्यास आहे."

नम्रताने हसू दाबलं, अर्ज लिहायला मदत केली, स्वतः येऊन फोटो काढले, पोलिसांना कळवलं, काचेवर नोटीस चिकटवली. मुदत संपली. कुणी मालक फिरकला नाही, आणि एके सकाळी क्रेन आली. वाडी दात न घासता गडग्यावर जमली.

क्रेनवाला उतरला, व्हॅनला वळसा घालून पुढे गेला आणि आरशाशी पोचताच त्याने चप्पल काढून हात जोडले. आरशाला लाल फडक्यात नारळ बांधलेला होता. वर हळदकुंकू, खाली अगरबत्तीच्या काड्या.

"वयनी, ह्येका मी हात लावचंय नाय. राखणेचो नारळ आसा."

"अहो, नोटिशीची मुदत संपली आहे," नम्रता म्हणाली.

"म्याडम, नोटीस सरकारची. नारळ सरकारचो नाय. माझी पोरां लहान आसत."

त्याचं चुकत नव्हतं. बागेतला माल चोरीला जाऊ नये म्हणून असा नारळ बांधून तो देवचाराच्या, म्हणजे जागेच्या राखणदाराच्या, स्वाधीन करायचा, ही इथली रीत. मग त्याला चोर हात लावत नाही, आणि देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय बांधणाराही सोडत नाही. व्हॅनला नारळ दिसल्यापासून वाडीतले सगळेच जाता-येता नमस्कार करत होते. एकीने तर मुलाच्या परीक्षेसाठी नवसही बोलून ठेवला होता. पण नारळ बांधला कुणी, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ज्याने त्याने दुसऱ्यावर सोपवलं होतं.

शेवंतीने गडग्यावरच्या एकेकाकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते. फक्त दत्ताराम आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"अवो," ती म्हणाली, "जुनी जाळी चोरीक गेली, मगे तुमी नवी घेतल्यात. ती खंय ठेवल्यात?"

दत्तारामने हळूच व्हॅनच्या मागच्या दाराकडे नजर टाकली.

"गाडयेत? आणि नारळ?"

"जाळ्यांसाठी बांधललंय," तो पुटपुटला. "मगे लोक पाया पडूक लागले, तसो मीय पडूक लागलंय. आता सोडूचो धीर होयना. सोडलंय आणि थंय आवशीक काय झाला तर?"

शेवंतीच्या जिभेवर त्या क्षणी काय काय तयार होतं याची वाडीला पूर्ण कल्पना होती. लोक पुढे सरकूनही बसले होते. पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तिने सगळं गिळलं आणि देवळाच्या मानकऱ्याला, सत्यवान आजोबांना, हाक मारली.

आजोबा बनियनवरच आले. दत्तारामला शेजारी उभं करून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान भियान जा काय बांधल्यान, ता आज मोकळा कर."

"होय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"काशीबाय घराक येवची आसा. तिची वाट सरळ कर, तिच्या पायात बळ दी."

"होय म्हाराजा." या वेळी दत्तारामचा आवाज सगळ्यांच्या वर होता. क्रेनवालाही मागून ओरडला, आणि नम्रताचे ओठही हलले.

दत्तारामने फडकं सोडलं, नारळ समुद्रात सोडून आला. जाळी निघाली, कोंबडी शिव्या देत उतरली, आणि व्हॅन एका झटक्यात वाळूतून वर आली. तिच्या मागची पाणंद एवढी रुंद असेल असं तरुण पोरांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काशीबाईची रिक्षा थेट पायरीला लागली. लेकीने आणि दत्तारामने तिला जपून आत नेलं. ती वॉकरवर उंबरा ओलांडते न ओलांडते तोच आतून तिचं 'मिठाचो डबो खंय ठेवलंस गो' ऐकू आलं.

गडग्यावरून कुणीतरी खडा टाकलाच, "काय गो शेवंती, सासू आपसूक लांब ऱ्हवलेली, तर क्रेन लावन परत हाडलंस?"

शेवंतीने पदराने कपाळ पुसलं. म्हणाली, "आमचे ह्ये उलट उत्तर देणत नाय. मगे मी दिवसभर भांडूचा कोणाबरोबर?"