पऱ्हाटीचा बांध

खाणीवरच्या आमच्या शेडच्या खिडकीत औषधाच्या सात जुन्या बाटल्या पाणी भरून ओळीनं उभ्या असत. रोज सकाळी त्यातली एक धुऊन नव्यानं भरली जाई. हे काम मुकादम बाईंचं. त्यांच्याबद्दल मला जितका अभिमान वाटतो तितका दुसऱ्या कुणाबद्दल वाटला नाही, आणि त्यांना मी जसं फसवलं तसं दुसऱ्या कुणाला फसवलं नाही. दोन्ही गोष्टी एकदा लिहून काढाव्यात म्हणून बसलो आहे.

राज्य नुकतंच नवं झालं होतं. मी नांदगाव खंडेश्वरचा, तिशीच्या आतला, ओव्हरसियरचा कोर्स केलेला. अमरावती जिल्ह्यातच, सातपुड्याच्या पायथ्याशी, पांढऱ्या मातीची एक लहानशी खाण होती. तिथे देखरेखीला लागलो. मालक अकोल्याचे शेठ, दोन-तीन महिन्यांतून एकदा जीपनं येत. टेकडीतून माती खणायची, हौदात धुवायची आणि चांगली तेवढी वाळवून बरण्यांच्या कारखान्याला पाठवायची, असा धंदा. धुताना उरे तो रेताड, चिकट गाळ पाण्यासकट एका घळीत सोडत. घळीच्या तोंडाशी मुरूम आणि काळ्या मातीचा बांध घातलेला होता. गाळ वरून वाळतो, पापुद्रा धरतो, त्यावर बकरीसुद्धा चालते. पण खाली तो वर्षानुवर्षं आंबिलीसारखा पातळच राहतो. बांधाखाली हाकेच्या अंतरावर मजुरांची वीस-बावीस घरं होती, आणि त्यांच्याही खाली, नाल्याकाठी, पिढीजात पानवेली लावणाऱ्या एका बारी गृहस्थांचा पानमळा.

सगळ्यांत पहिलं घर मुकादम बाईंचं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, त्या अक्षरं शिकल्या होत्या आणि मजुरांची हजेरी स्वतः लिहीत. बांधाच्या पायथ्याशी एक झिरपा होता. मातीचा बांध थोडा झिरपतोच, हे माझ्या पुस्तकातही होतं. पण ते पाणी रोज बाटलीत भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काय बसलं ते पाहायचं, ही रीत बाईंची. पाणी निवळ राहिलं तर नुसतं पाणीच येतं आहे. तळाशी पांढरा थर दिसला तर बांध आतून पोखरून मागचा गाळही निघून चालला आहे.

पहिल्याच आठवड्यात मी थट्टा केली होती, "काय बाई, दवाखाना काढला का?"

"काढला ना बाबू. बांधाची नाडी पाह्यतो. तुमची पाहू का?"

बाया हसल्या. मीही हसलो. थोडा खट्टूच झालो.

त्या हिवाळ्यात शेठचा निरोप आला, घळीतला गाळाचा तलाव भरत आला आहे, पावसाळ्याआधी बांध दोन हात उंच करा. त्यासाठी मुरूम हवा, मुरमाला गाड्या हव्यात, आणि कापसाच्या दिवसांत वऱ्हाडात रिकामी गाडी मिळते कुठे! साऱ्या गाड्या जिनिंगच्या फाटकासमोर रांगेत उभ्या. शेतांतून मात्र उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग पडले होते. कपाशीची ती वाळलेली झाडं आम्हा वऱ्हाडी माणसांना सगळ्याला चालतात. चुलीला, कुंपणाला, आणि वर माती लिंपली की घराच्या कुडालाही. मी ज्या घरात जन्मलो त्याचे कूड पऱ्हाटीचेच होते. मला वाटलं, बांधाला का चालणार नाही? पऱ्हाटीच्या पेंढ्या आडव्या रचायच्या, वर वाळलेला गाळ चोपायचा, पुन्हा पेंढ्या. महिन्यात काम उरकतं.

बाई बांधावर उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बाबू, घराचा कूड आमी दर सालाले लिंपतो, काडी सडली का बदलतो. याच्या पोटातली काडी तुमी कशी बदलान?"

मी म्हणालो, "बाई, इंजिनेर तुमी हा का मी?"

त्या बांधावरून उतरून हजेरीला गेल्या. माझं ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

पहिला पावसाळा निभला. शेठ खूश झाले, पुढच्या वर्षी मला मॅनेजर करायचं बोलू लागले. दुसऱ्या वर्षी भादव्यात बाई दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या आणि जाताना बाटली भरायचं मला सांगून गेल्या. मी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा पांढरा थर बसला होता.

त्याच दुपारी शेठ यायचे होते. मी ती बाटली ओतून दिली, धुतली आणि विहिरीच्या पाण्यानं भरून ओळीत ठेवली. त्या दिवशीच्या नव्या बाटलीतही विहिरीचंच पाणी भरलं. मनाशी म्हटलं, शेठ गेले की बघू. शेठ आले, खिडकीतल्या बाटल्यांकडे पाहून "वा" म्हणाले, चहा घेऊन अकोल्याला गेले. आणि मी बघितलं नाही. थर पाहिल्यावर काय करावं लागेल ते मला ठाऊक होतं, म्हणूनच बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परतल्या. आभाळ भरून आलं होतं. पिशवी खाली न ठेवताच त्या खिडकीपाशी गेल्या आणि शेवटच्या दोन बाटल्या उजेडात धरल्या.

"हे झिरप्याचं पानी नाई. झिरप्याच्या पान्याले तांबूस झाक असते. हे कोनं भरलं?"

भरणारा मीच हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि थांबल्या. बाटली फुटली, विसरलो, घाई होती, असं काहीही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "मीच भरलं. विहिरीचं हाये. झिरप्याचं पांढरं आलं होतं."

"कवा?"

"परवा भरलं होतं. काल थर दिसला."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी बाटल्या जागेवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "मंग उभे काहून हा? चाला."

आम्ही पळतच गेलो. झिरपा करंगळीएवढा होता तो मनगटाएवढा झाला होता, ताकासारखा पांढरा. मी काळ्या मातीचे गोळे घेऊन तो बुजवायला धावलो. बाईंनी माझा हात धरला. "तोंड दाबू नोका! इथं दाबलं तर दुसरीकून फुटन. पानी येऊ द्या, माती अडवा." त्यांनी आधी घरं खाली करवली. म्हातारे, लेकरं, शेळ्या, सगळे टेकडीवर. मग बाया-माणसांची साखळी लावली; झिरप्यावर आधी वाळू, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर दगड. माझ्या पुस्तकात हेच होतं, आकृतीसकट. बाईंनी ते विहिरीच्या तळाशी वाळू-गिट्टी घालताना पाहिलं होतं.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. तलावाचं पाणी उतरवायला हवं होतं. म्हणजे बांधाच्या टोकाला असलेल्या सांडव्याच्या फळ्या काढायच्या, आणि तो सारा गढूळ लोट नाल्यातून पानमळ्यात.

"आधी मळेवाल्याले सांगू," बाई म्हणाल्या.

पानमळ्याचे मालक नाल्यातल्या पांढऱ्या पाण्यावरून आमच्याशी वर्षभर भांडत होते. वेलांच्या मुळांशी आमचा गाळ बसतो, पानं पिवळी पडतात, ही त्यांची तक्रार खरी होती, आणि मी ती दोनदा हसण्यावारी नेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पानी सोडाले तुमी मले विचाराले आले? आजपावतर तं कोनी विचारलं नोतं."

"मी आली," बाई म्हणाल्या.

"बांध कायनं फुटून राह्यला?"

मी सांगितलं. ते माझ्याकडे पाहतच राहिले. "पऱ्हाटी? बापा! मी कुंपनाची पऱ्हाटी दर दोन सालाले बदलतो, उधई खाते म्हनून. अन् तुमी थे धरनात घातली?" हसले ते, पण डोळे वेलांकडे होते. मग विचारलं, "लेकरं हालवली का?"

"हालवली."

"मंग सोडा. वेल पुन्हा लावता येते."

फळ्या मी काढल्या. मळा तासाभरात पांढरा झाला. पाऊस दुपारी आला, चांगला दोन तास. बांध उभा राहिला.

चौथ्या दिवशी शेठ आले. मजूर, बाई, पानमळेवाले, सगळे शेडसमोर होते. शेठनी पहिलं विचारलं, "फळ्या कोणाच्या हुकमानं काढल्या?"

"माह्या," बाई म्हणाल्या.

"माह्याबी," मळेवाले म्हणाले. ज्यांचा मळा गेला ते.

तेव्हा मी पुढे झालो आणि सांगितलं, पऱ्हाटी मी घातली, बाटलीतलं पाणी मी बदललं. शेठनी मॅनेजरकीची गोष्ट तर मोडलीच, पगारही उतरवला. पण मजुरांची घरं टेकडीवर हलवायची बाईंची मागणी त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर मान्य करावी लागली.

पाणी ओसरल्यावर आम्ही बांधाचा वरचा भाग उकरला. पऱ्हाटी उरलीच नव्हती. तिच्या जागी उधईनं, म्हणजे वाळवीनं, पोखरलेल्या, बोट जाईल अशा नळ्या होत्या, आणि त्यांतूनच चढलेलं पाणी बांधाच्या पोटात उतरून पायथ्याशी निघत होतं. तो भाग पुन्हा मुरमानं बांधला, गाड्या मोकळ्या होण्याची वाट पाहून. पानमळ्यातला गाळ आम्ही टोपल्यांनी उपसला. तरी दोन वर्षं तिथे वेल धड चढला नाही. ती पानं कुठल्याही पैशानं परत येणार नव्हती, आणि मळेवाल्यांनी मला कधी तोंडावर काही म्हटलं नाही, हे आजही सलतं.

बांध उकरला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, आता बाई मला खिडकीपाशीही फिरकू देणार नाहीत. त्यांनी रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली. "आजपासून तुमी भरान. मी पाहीन."

पुढची चार वर्षं, नोकरी सोडेपर्यंत, मी रोज सकाळी झिरप्यावर वाकून ती बाटली भरली. बाई ती उजेडात धरत, हलवत, पुन्हा धरत, आणि मजुरांच्या देखत म्हणत, "ठीक हाये. ठेवा." मगच मी ती ओळीत ठेवत असे.