एक प्रत येवल्याला

उद्या जगबुडी झाली, तर पाणी ओसरल्यावर कोरडी पँट घालून फिरणारा एकच इसम या पृथ्वीतलावर उरेल आणि तो म्हणजे माझे साडू, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. कारण त्यांची एक पँट अंगावर असते, दुसरी त्यांच्या कपाटात असते आणि तिसरी इंदिरानगरला माझ्या कपाटात, माझे शर्ट रेटून, ऐसपैस बसलेली असते. चष्म्याचं तेच, किल्ल्यांचं तेच, छत्रीचंही तेच. "तीन प्रती हव्यात, आणि त्यातली एक परक्या छपराखाली," हा त्यांचा वेद. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "थोरले जावई कंप्युटरात आहेत, जरा सांभाळून घ्या." मी तेव्हा हसलो होतो. आता कपाट उघडलं की हसू येत नाही.

साडू सातपूरच्या एका कारखान्यात संगणकखातं सांभाळतात. कारखाना व्हॉल्व्ह बनवतो. पण साडूंचं बोलणं ऐकून कुणालाही वाटावं की तिथे मुख्यतः डेटा तयार होतो आणि व्हॉल्व्ह आपले त्यातून निघणारा भुसा. सर्व्हरच्या खोलीत बारा महिने गारठा, त्यामुळे हे भर मे महिन्यात स्वेटर घालतात. सगळं नाशिक उसाच्या रसाच्या गाड्यापुढे घाम पुसत उभं असतं आणि आमचे साडू बाह्या खाली ओढत "आल्याचा चहा मिळेल का?" विचारत असतात. त्यांच्या कॉलनीतल्या एका आजींनी तर त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, आमच्या ताईंना, हळूच विचारलं होतं, "हिवताप उतरला का गं यांचा?"

या सज्जन माणसाला जगात शत्रू एकच. जेसीबी! सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्ते खणण्याला ऊत येतो. कुणी पाण्यासाठी खणतं, कुणी गटारीसाठी, तर कुणी आधीच्याने नीट खणलं नाही म्हणून. आणि प्रत्येक खड्ड्यात आपलीच इंटरनेटची केबल आहे असं साडूंना वाटतं. कारखान्यात त्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्यात, एक पुढच्या रस्त्याने आणि एक मागच्या नाल्याकडून. तरी जीव थाऱ्यावर नाही. स्वतः सुपारीचं खांड खात नाहीत, पण जेसीबीवाल्यांसाठी खिशात तंबाखूची पुडी बाळगतात. पिवळं काही दिसलं की स्कूटर कडेला लावायची, पुडी पुढे करायची आणि विचारायचं, "दादा, कुठवर खणायचंय?"

"सांगतील तिथवर."

"कोण सांगणार?"

"ते आलं नाय अजून."

मग साडू त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहतात आणि कामावर जायला उशीर होतो.

त्यांचा दुसरा वेद म्हणजे, ज्याचं जेवढं काम त्याला तेवढाच अधिकार. त्यांच्या घरी पाहुण्यांचं वायफाय वेगळं आहे आणि ते साधारण चहा संपायच्या सुमाराला बंद पडतं. पाहुणा जास्तच रेंगाळला तर त्याने पुन्हा पासवर्ड मागायचा. मात्र नियम स्वतःलाही लावतात, हा त्यांचा मोठेपणा. एकदा मी पाणी मागितलं तर म्हणाले, "थांबा, तिला येऊ द्या. स्वयंपाकघरात मला फक्त बघायची परवानगी आहे, बदल करायची नाही." आतून ताईंचा आवाज आला, "आणि पुन्हा फोडणीत नाक खुपसलंत तर बघायचीही काढून घेईन!"

पण खरा कहर म्हणजे त्यांच्या परीक्षा. "बॅकअप कुणीही घेतो हो," ते बोट नाचवून म्हणतात, "तो अधूनमधून उघडून बघावा लागतो. नाही बघितला तर तो बॅकअप नव्हे, नुसता नवस." आमच्याकडे सत्यनारायण होता. आरती ऐन रंगात, टाळ टिपेला पोहोचलेले, आणि हे सद्गृहस्थ गुपचूप बाहेर जाऊन मेन स्विच खाली ओढून आले. इन्व्हर्टर काही चालू झाला नाही. "बघा!" अंधारातून त्यांचा समाधानी आवाज आला. "आज कळलं म्हणून बरं, नाहीतर अडचणीच्या वेळी पंचाईत झाली असती." आमच्या हिने दुसऱ्याच दिवशी मीटरच्या पेटीला कुलूप आणलं.

मुलीच्या लग्नात त्यांनी दोन भटजी सांगितले होते. एक मुख्य, एक राखीव. मुख्य भटजी नाशकातल्याच द्वारका चौकात गर्दीत अडकले, मुहूर्त टळू नये म्हणून राखीव भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. इथपर्यंत योजना झकास होती. पण तेवढ्यात मुख्य भटजी घामाघूम होऊन पोहोचले, त्यांनी दुसरा माइक उचलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकाचं "सावधान" व्हायचं तेव्हा दुसऱ्याचा गणपतीच चाललेला असायचा. अक्षता कधी टाकायच्या ते कुणाला कळेना. निम्म्या मांडवाने आधी टाकल्या, उरलेल्यांनी जमेल तशा. नवरा मुलगा तर हार हातात घेऊन नुसता इकडून तिकडे बघत होता. साडू मात्र स्टेजवर उजळून निघाले होते. माझा दंड धरून म्हणाले, "अगदी हेच होतं आमच्याकडे! दोन सर्व्हर जोडीला ठेवले आणि मधला संपर्क तुटला की दोघांनाही वाटतं, आपणच मुख्य. निकाल द्यायला तिसरा लागतो." तो निकाल ताईंनी दिला. पदर खोचून त्या गेल्या आणि त्यांनी राखीव माइकची वायरच उपटली.

आता मुद्द्याचं सांगतो. परक्या छपराचा नियम कारखान्यालाही लागू होता. सगळ्या माहितीची एक प्रत सर्व्हरवर, दुसरी शेजारच्या यंत्रावर. तिसरी घरी न्या, असं मालक म्हणाले. साडू म्हणाले, "घर आणि कारखाना एकाच गावात. उद्या गोदावरीचा पूर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेला म्हणजे?" सातपूर कुठे, मारुती कुठे! पण मालकांनी वाद घातला नाही. शेवटी तिसरी प्रत साबणाच्या वडीएवढ्या डिस्कवर, पासवर्डचं कुलूप घालून, येवल्याला आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत ठेवायचं ठरलं. दर महिन्याला एका शनिवारी साडू एसटीने जाणार, ताजी डिस्क ठेवणार, जुनी घेऊन येणार. धक्के बसू नयेत म्हणून ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायची. एकदा कंडक्टरने विचारलं, "काका, काय हाय त्यात?" साडू गंभीरपणे म्हणाले, "अख्खा कारखाना." कंडक्टर म्हणाला, "मग लगेजचं तिकीट काढा."

सासूबाई एकट्या राहतात. सासरे पैठणी विणायचे. ते गेले, पण त्यांचा माग अजून पुढच्या खोलीत आहे. गल्लीतली एक मुलगी दिवसा येऊन त्यावर विणते आणि तो खटखट आवाज घरात असला की सासूबाईंना बरं वाटतं. लेकींच्या दारी राहायला यायचं नाव काढत नाहीत. ही डिस्क, त्यांच्या भाषेत डबी, त्यांनी आपल्या पैठणीच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवली. खंडेनवमीला मागाची पूजा झाली की डबीचीही व्हायची, आणि साडू सकाळपासून फोनवर ओरडत असायचे, "आई, कुंकू कोरडं लावा, पाणी नको!" सासूबाईंकडून भांडं कधी रिकामं परत येत नाही. डब्यात काही नाही तर चिमूटभर साखर तरी असतेच. पहिली डबी परत देताना त्यांनी विचारलंसुद्धा होतं, "हिच्यात काय घालू?" साडू म्हणाले, "काही नको आई, ही भरलेलीच आहे." तेव्हा कुठे त्यांनी ती तशीच दिली.

गेल्या वर्षी सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि हात मोडून घेतला. आमची ही आणि ताई येवल्याला धावल्या, रडल्या, चिडल्या, आता नाशिकला चलायचंच म्हणाल्या. सासूबाई गळ्यात हात अडकवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कंपनीची ठेव हाय माझ्याकडं. घराला कुलूप घालून मी तुमच्याकडं येऊन बसले आन् इकडं काय झालं म्हंजे? जावईबापूंची नोकरी जाईल." घर बंद झालं की माग मोडीत निघणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही. तेवढ्या डबीच्या जोरावर ती बाई आपलं घर धरून बसली होती.

आणि नेमका त्याच सुमारास कारखाना क्लाउडवर गेला. सगळी माहिती कुठल्या दूरच्या इमारतीत, दुसऱ्याच्या यंत्रांवर, भाड्याने. प्रतीही तिथेच आपोआप निघणार. "आभाळबिभाळ काही नाही हो," साडू म्हणाले, "परक्या छपराखाली बिऱ्हाड केलंय, एवढंच." नियमाला धरूनच होतं, त्यामुळे त्यांना तक्रारही करता येईना. सर्व्हरची खोली रिकामी झाली, थंडी गेली, स्वेटर निघाला. त्या उन्हाळ्यात त्यांना मी पहिल्यांदा घाम पुसताना पाहिलं आणि, खरं सांगतो, मला ते बघवलं नाही. मालकांनी येवल्याची डिस्कही परत मागवली. आमच्या बायकांना मात्र आनंद झाला. आता आईची सबब संपली! तिला तसं स्पष्ट सांगायची कामगिरी साडूंवर आली, आणि हा माणूस ऐन वेळी कच खाईल म्हणून मला सोबत धाडण्यात आलं.

येवल्याला पोहोचल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, "डबी आणली का?" साडूंनी घसा खाकरला. कंपनीचं सगळं आता क्लाउडवर गेलं, प्रती तिकडेच राहतात, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. ट्रंकेतून जुनी डबी काढून सासूबाईंनी ती साडूंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "म्हंजे आता माझ्याकडं ठेवायसारखं काय नाय." एवढंच. पुढच्या खोलीत माग खटखटत होता आणि मला कुठे बघावं ते कळेना.

"छे छे, तसं कसं!" साडू एकदम म्हणाले. "उलट जबाबदारी वाढली, आई! आता सगळंच तारेने जोडलेलं. चोर तारेतून येतो, सगळ्या प्रतींना कुलपं ठोकतो आणि खंडणी मागतो. मोठमोठ्या कंपन्यांचे लोक आता हेच म्हणायला लागलेत की एक तरी प्रत अशी पाहिजे जिला तारच नाही." आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून नवी कोरी डबी काढून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. सासूबाईंनी डबी कपाळाला लावली. निघायच्या आधी साडूंनी न्हाणीत घट्ट दांडी बसवून घेतली आणि रोज डोकावायला दोन शेजारणी नेमल्या, एक मुख्य आणि एक राखीव. लग्नातला धडा लक्षात ठेवून कोण मुख्य तेही तिथल्या तिथे सांगून टाकलं.

परतीच्या एसटीत विंचूर येईपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "काय हो, काय आहे त्या डबीत?"

"काही नाही. रिकामी आहे." त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि ताईंना काय सांगणार?"

"मालक ऐकत नाहीत, एक डबी येवल्याला हवीच म्हणतात, असं सांगू. तुम्हीही तेच सांगा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "महिन्यातून एकदा जाऊन बघावं लागतं हो. नुसतं घर राहू दिलं म्हणून भागत नाही."

तेव्हापासून ते दर महिन्याला एक रिकामी डबी येवल्याला नेतात आणि दुसरी रिकामी घेऊन येतात. परत आले की एकच तक्रार, "आईंच्या हातचा चहा अलीकडे फार गोड लागतो बुवा."

या महिन्यात साडूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून डबी घेऊन मी गेलो. सासूबाईंनी ती ट्रंकेत ठेवली, आधीची बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. सोबत कागदाची छोटीशी पुडी. उघडून पाहिलं तर साखर.

"रिकामं परत देऊ नाय," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पाहून त्या हसल्या. "मला काय कळत नाय व्हय? आधी टावेलात गुंडाळून, मांडीवर धरून आणायचे. आता खिशात टाकून आणतात."

"मग त्यांना का नाही बोललात?"

"बोलले तर येतील का? त्यांच्या चहात दर बारीला चमचाभर साखर जास्त घालते, म्हंजे रिकामं दिल्यासारखं होत नाय. तुम्हाला चहा कुठं जास्त गोड आवडतोय, म्हणून पुडी दिली. बसमधीच खाऊन टाका. त्यांना दाखवू नका."

विंचूरच्या पुढे मी ती साखर खाल्ली.

संध्याकाळी साडूंकडे गेलो. काळा चष्मा लावून बसले होते. शेजारी टेबलावर आणखी दोन काळे चष्मे होते. मी डबी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती चाचपली. "सगळं ठीक आहे ना तिकडे?"

"ठीक आहे. हात बरा आहे. माग चालू आहे."

"चहा घेतलात? गोड होता ना फार? पुढच्या खेपेला आईंना सांगतोच, साखर जरा बेताने घाला म्हणून."

"नका सांगू," मी म्हणालो. "असू द्या."