बोल्टवरची लाल रेघ

“उभ्या गाडीला किल्ली लावायची घाई करू नये, आधी इंजिन हाताने फिरवून बघावं,” असं धाकटा एकदा पुतणीला म्हणाला होता. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून त्याची कामं बघायची. बारा वर्षांनी तिला ते वाक्य आठवलं, म्हणून तिने किल्ली न लावता त्याला फोन केला.

“काका, बाबा गाडी भंगारात देतायत. शनिवारी माणूस येणार आहे न्यायला. मला ती चालवायचीय. येशील?”

“कुठली गाडी?” त्याने विचारलं. कुठली ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

“आपल्याकडे काय दहा आहेत?”

तो बस डेपोत टायरच्या खात्यात होता. बारा वर्षं चाकं उतरवायची, हवा तपासायची, चाकं चढवायची. त्याचा हात इंजिनात किती मुरलेला आहे, हे डेपोतल्या कुणाला माहीत नव्हतं. साहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाला, “मला इंजिनातलं काही कळत नाही.” खोटं बोलताना माणसाला कुठेतरी टोचतं म्हणतात. त्याला काही टोचलं नाही, कारण त्याला ते खरंच वाटत होतं.

त्याआधी दोघा भावांचं मिळून वर्कशॉप होतं. थोरला गिऱ्हाइकांशी बोलायचा, धाकटा गाड्यांशी. धाकट्याची एक खोड होती. बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून बाजूच्या लोखंडावर तो नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायचा. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटायची. पहिली बाटली आईचीच. तिने हौसेने गडद लाल रंग आणला, एका बोटाला लावून पाहिला आणि लाजून बाटली त्याच्या हातात दिली. “या वयात मला नाही शोभत बाबा. तुझ्या बोल्टांना लाव.” थोरला गिऱ्हाइकांसमोर सांगायचा, “आमचा भाऊ गाड्यांची नखं रंगवतो.” सगळे हसायचे. धाकटाही हसायचा.

मग ती दुपार आली. आदल्या दिवशी धाकट्याने घरच्या गाडीचं तेल बदललं होतं. त्या दुपारी तो एक सुटा भाग आणायला बाहेरगावी गेला होता. आईच्या छातीत कळ आली. थोरल्याने तिला मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी काढली. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडी बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. धाकटा संध्याकाळी घरी आला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

“चेंबरचा बोल्ट ढिला ठेवलास तू,” थोरला सगळ्यांसमोर म्हणाला. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची परात. “सगळं तेल रस्त्यावर सांडलं. इंजिन जाम झालं.”

वडिलांनी धाकट्याकडे पाहिलं. ते त्यांचं शेवटचं पाहणं. पुढची दोन वर्षं ते जिवंत होते, पण त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी भिंतीकडे बघून मागायचे.

गाडी दोरीने ओढून घरामागच्या शेडमध्ये आणली, वर ताडपत्री टाकली. धाकट्याने वर्कशॉपच्या किल्ल्या थोरल्याच्या टेबलावर ठेवल्या. थोरल्याने तिथे सीटकव्हरचं दुकान काढलं. चांगलं चाललं.

आता धाकट्याने तीन दिवसांची रजा टाकली. गाडी चालू करायला तो आलाच नव्हता. आपल्या हातून झालं ते एकदा डोळ्यांनी बघावं, मग भंगारात गेली तर जावो, एवढंच त्याच्या मनात होतं. थोरला दुकानात होता. पुतणीने ताडपत्री ओढली, तशी धूळ उठली आणि दोघांनाही शिंका आल्या.

“उंदरांनी सीटचा फडशा पाडलाय,” ती म्हणाली. “आणि बाबांचं सीटकव्हरचं दुकान!”

त्याला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते त्याला आठवेना.

त्याने चारही प्लग काढले, भोकांत चमचा चमचा तेल सोडलं आणि ते मुरायला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावला. जाम इंजिन कसं असतं ते त्याला माहीत होतं. पान्यावर लोंबकळलं तरी ते हूं की चूं करत नाही. त्याने पाय रोवले, श्वास धरला आणि जोर लावला.

पाना सरकला. इतका सहज सरकला की तो तोल जाऊन बंपरवर आपटला.

“लागलं काका?”

“नाही,” तो म्हणाला. त्याने पुन्हा फिरवलं. इंजिन एक फेरा फिरलं, दोन फेरे फिरलं, जड दारासारखं, पण फिरलं.

त्याने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. त्याच्या हाताने ओतलेलं तेल, एक थेंबही कमी नाही. थोरल्याने नंतर भरलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. थोरल्याने उभ्या आयुष्यात कधी गाडीत तेल भरलं नव्हतं. तरी त्याने स्वतःला तसं सांगितलं.

मग त्याने जॅक लावला, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली, टॉर्च घेतला आणि खाली सरकला.

तो बराच वेळ बाहेर आला नाही.

खाली चेंबरच्या बोल्टवर लाल रेघ होती. धुळीने माखलेली, म्हणून त्याने अंगठा ओला करून पुसली. रेघ बोल्टच्या डोक्यावरून निघून चेंबरच्या लोखंडावर सलग गेली होती. कुठे तडा नाही, कुठे केसभर फट नाही. आईचा रंग. बोल्ट बारा वर्षं जागचा हलला नव्हता.

“काका, झोपलास का?”

“बघतोय.”

“तेल बदलायचं ना? भांडं आणू?”

“नको. तो बोल्ट नाही खोलायचा.”

बाहेर येऊन तो कार्ब्युरेटरकडे वळला. आता त्याला उत्तर हवं होतं, आणि उत्तर मिळू नये असंही वाटत होतं. पेट्रोल असताना गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, की कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आटून पिवळा डिंक बसतो, त्याला कुजका वास येतो. त्याने वाटी उघडली. वाटी स्वच्छ होती, घासून ठेवल्यासारखी. पेट्रोलच्या टाकीत डोकावला. आत कोरडा गंज होता आणि कसलाच वास नव्हता.

गाडी त्या दुपारी पेट्रोल संपून बंद पडली होती. बस्स, एवढंच.

तो उलट्या डब्यावर बसला. त्याला राग आला नाही, आधी लाज वाटली. बारा वर्षं ही गाडी घरामागे उभी होती. वाकायला दोन मिनिटं लागली असती. गाडीचा शब्द ऐकून गाडी दुरुस्त करणारा माणूस, भावाचा शब्द ऐकून गप्प बसला होता.

तिसऱ्या दिवशी त्याने सगळं जोडलं. टाकी धुतली, नव्या नळ्या टाकल्या, नवी बॅटरी बसवली, पेट्रोल भरलं. पुतणीला म्हणाला, “बस. आता लाव किल्ली.”

पहिल्यांदा गाडी खोकली. दुसऱ्यांदा पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा निळा धूर ओकून सुरू झाली, आणि शेडचे पत्रे थरथरले. पुतणी टाळ्या पिटायला लागली. तो आवाज ऐकून थोरला घरातून धावतच आला, हातात अर्धवट खाल्लेली पोळी तशीच. शेडच्या दारात थबकला. गाडी न्यायला दुसऱ्या दिवशी माणूस येणार होता.

“चालू झाली?” तो म्हणाला. कुणी मेल्याचं सांगावं तसं म्हणाला.

“दादा, तेल पूर्ण आहे,” धाकटा म्हणाला.

“मग? मीच भरलं असेल नंतर. आता काय लक्षात राहतंय.”

“कुठून भरलंस? झाकण कुठे असतं सांग बघू.”

थोरल्याची नजर बॉनेटवरून इकडेतिकडे फिरली.

“बोल्टवरची रेघ शाबूत आहे. कार्ब्युरेटर कोरडा आहे. आदल्या दिवशी मी तुला सांगितलं होतं, पेट्रोलचा काटा खाली गेलाय, येताना भरून आण.”

“पंपावर रांग होती,” थोरला हळू आवाजात म्हणाला. “म्हटलं, उद्या भरू.”

पुतणीने टाळ्या थांबवल्या. इंजिन बंद करायला तिचा हात किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“बाबा समोर उभे होते रे,” थोरला म्हणाला. “लोक आईला आत आणत होते. बाबांनी विचारलं, कशाने बंद पडली? माझ्या तोंडून निघून गेलं. मग परत कसं घेणार? रोज ठरवायचो, आज सांगू. बाबा गेल्यावर म्हटलं, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?”

“आणि मी खाली वाकून बघितलं असतं तर?”

थोरल्याने पोळीकडे पाहिलं, जणू ती हातात कुठून आली तेच त्याला कळत नव्हतं.

“तू बघणार नाहीस, हे मला माहीत होतं,” तो म्हणाला. “मी सांगितलेलं तू कधी तपासलंस?”

शेडमध्ये इंजिनचा आवाज घुमत होता. छान, एका लयीतला आवाज, बारा वर्षं उभ्या गाडीचा वाटू नये असा. धाकटा तो क्षणभर ऐकत राहिला. सवयीने.

“बोल ना काहीतरी,” थोरला म्हणाला. “शिव्या दे. मार हवं तर. लहानपणी मारायचास तसा.”

धाकट्याने फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. फडकं चौकोनी घडी घालून बंपरवर ठेवलं. लांब पाना, प्लगचा पाना, जॅक, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून खिडकीशी गेला, पण हाताला तेलाचा वास होता, म्हणून तो मागे घेतला.

मग थोरल्याच्या बाजूने, त्याच्या खांद्याला खांदा लागणार नाही अशा बेताने, तो शेडच्या दारातून बाहेर पडला. मागे इंजिन चालूच होतं.