कॅप्टन विक्रोळी

समीर सरांनी माझी पर्स टेबलावर उलटी केली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. स्टुडिओत आम्ही नऊ जण होतो. डबा पडला. आईच्या बीपीच्या गोळ्या पडल्या. सॅनिटरी पॅड पडलं. ते कुणी उचललं नाही, मीसुद्धा नाही. शेवटी पेन ड्राइव्ह पडला.

"हे बघा," समीर सर म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

सर आमचे डबिंग डिरेक्टर. अंधेरीतल्या त्या स्टुडिओत परदेशी मालिका मराठीत व्हायच्या. आदल्या दिवशी केतकीने रेकॉर्ड केलेला पाच मिनिटांचा सीन कॉम्प्युटरवर सापडत नव्हता. आदल्या संध्याकाळी सगळ्यांत शेवटी मी निघाले होते. एवढा पुरावा त्यांना पुरला.

"तू केतकीवर जळतेस. सगळ्यांना दिसतं ते."

ते खरं होतं. फाइल मी उडवली नव्हती. पण जळत होते.

केतकी मुलुंडची. वडील डॉक्टर. तिला उशीर झाला तर सर थांबायचे, मला उशीर झाला तर घड्याळ दाखवायचे. ती गळ्यासाठी थर्मासमध्ये काढा आणायची आणि चुकली तर खळखळून हसायची, "सॉरी सॉरी, परत घेऊया!" चुकल्यावर हसता येतं हे मला तिच्याकडे बघून कळलं. मी चुकले की आधी माफी मागायचे, मग पाणी प्यायचे, मग परत चुकायचे. तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता का? नव्हता. मी बूथच्या काचेबाहेर उभी राहून रोज तोलून बघायचे. नव्हता. पण तिची भाषा घरातूनच इस्त्री होऊन आली होती. माझी विक्रोळीच्या चाळीत वाढलेली. घरात मालवणी, बाहेर मुंबई.

आणि ती बोलायची ती वाक्यं माझी होती. इंग्रजी संवादांचं मराठी मीच करायचे. पात्राचे ओठ हलतात तेवढ्यात बसेल असं वाक्य शोधायला कधी अर्धा तास जायचा. मग केतकी ते एका दमात म्हणायची आणि सर काचेपलीकडून दोन्ही अंगठे दाखवायचे. "काय बोललीस गं!" श्रेयनामावलीत 'मराठी संवाद' या शब्दांपुढे सरांचं नाव यायचं.

मालिका अंतराळातली होती. दोन साम्राज्यं युद्धाच्या तोंडावर. तहाची बोलणी करायला निघालेला दूत एका प्रवासी यानात मेलेला सापडतो आणि खुनाचा आळ त्या यानाच्या कॅप्टनसह चौघांवर येतो. ते पळतात. पळून लपत मात्र नाहीत. दोन्ही दरबारांत जाऊन सांगायला बघतात की दूत आम्ही मारला नाही, ज्यांना युद्ध हवंय त्यांनी मारला. जिथे जातात तिथे आधी बेड्या पडतात. मला ती मालिका मनापासून आवडली होती.

कॅप्टन केतकीला मिळाली. मला यानाची मेकॅनिक, चौघांतलीच एक.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मेकॅनिकला जरा मालवणी तडका दे. कॉमेडी होईल."

"सर, मूळ मालिकेत ती कॉमेडी नाहीये. सगळ्यांसारखीच बोलते."

"अगं, लोकांना हसायला काहीतरी नको का? तुला तर जमतंच ते. घरचंच आहे."

मी दिलं. काम हवं होतं म्हणून दिलं. आठ भाग मी माझ्या आईच्या बोलीला वेडावून दाखवलं आणि बूथबाहेरच्या माणसांना हसवलं. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

तर तो पेन ड्राइव्ह. सरांनी तो रेकॉर्डिस्ट इक्बालकडे दिला. "लाव. ऐकू दे सगळ्यांना."

"सर, त्यात माझं खासगी आहे," मी म्हणाले.

"कळेलच ना काय खासगी आहे ते."

इक्बालने माझ्याकडे बघितलं. मग लावला.

मोठ्या स्पीकरमधून माझा आवाज आला. मी कॅप्टन बोलत होते. घरी, मोरीचं दार लावून, मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. केतकीचे सगळे सीन, पहिल्या भागापासून. मागे बादलीत नळ ठिबकत होता. "महाराज, आमच्या हातात बेड्या आहेत, म्हणून आमचं म्हणणं खोटं ठरत नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग सर हसले.

"अरे, हिला कॅप्टन व्हायचंय! कॅप्टन विक्रोळी!"

मग सगळेच हसले. केतकी हसली नाही. तिने मान खाली घातली आणि थर्मासचं झाकण फिरवत बसली. मला त्याचाही राग आला. हसली असती तर बरं झालं असतं, निदान तिचा तिरस्कार तरी धड करता आला असता.

इक्बालने आवाज बंद केला. "सर, ह्यात ती फाइल नाहीये."

"मग उडवली असेल," सर म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस. मी कळवतो."

मी एकेक वस्तू पर्समध्ये भरली. कुणी हात लावला नाही. मेट्रोने घाटकोपरला आले, तिथून रिक्षाने घरी. आईने भर दुपारी दारात बघून विचारलं, "काय झाला?" मी सगळं सांगितलं. तिच्या बोलीची मी नक्कल करायचे, तेही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "चोरी तू केलंस? नाय ना? मगे कित्याक रडतंस?"

नकलेबद्दल एक शब्द बोलली नाही. उठून भात लावायला गेली. पाठमोरी.

त्या दुपारी मी ती रेकॉर्डिंग्ज पुन्हा ऐकली. लाज वाटेल म्हणून दबकतच लावली होती. पण वाटली नाही. तो आवाज चांगला होता. त्यात कुणाची नक्कल नव्हती, इस्त्री नव्हती. वाक्यं माझी आणि तोंडही माझं. मी केतकीवर एवढी का जळत होते ते तेव्हा कळलं. तिने माझं काही चोरलं नव्हतं. मीच सगळं काचेआडून तिच्या हातात देत होते, आणि द्यायला लावणारा माणूस दोघींच्या मध्ये उभा राहून अंगठे दाखवत होता.

तिसऱ्या दिवशी इक्बालचा फोन. "फाइल मिल गयी यार. सरच्याच हार्ड डिस्कमध्ये होती. कॉपी करायच्या ऐवजी कट करून घरी घेऊन गेले होते ऐकायला."

लगेच सरांचा फोन. "अगं, गंमतच झाली! चल, झालं गेलं विसर. ये उद्या. मेकॅनिकचा कोर्टाचा सीन राहिलाय."

मी गेले. तेच नऊ जण होते. कुणी विषय काढला नाही. मी बूथमध्ये शिरले, हेडफोन लावला. पडद्यावर मेकॅनिक आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. मी सरळ बोलले. माझ्या रोजच्या आवाजात, तडका न देता.

हेडफोनमधून सर म्हणाले, "कट. मालवणी कुठे गेली?"

मी पुन्हा तसंच बोलले.

"कट! काय चाललंय?"

मी हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर आले.

"सर, मालवणीत मी बोलेन. पण मग कॅप्टनलाही बोलू द्या, राजालाही बोलू द्या. एकटी मेकॅनिक हसायला ठेवायची असेल तर माझा आवाज मिळणार नाही. आणि त्याआधी, त्या दिवशी ह्याच टेबलावर माझी पर्स उलटी केलीत. आता इथेच सगळ्यांसमोर सांगा, फाइल कुठे सापडली."

"एवढा माज?" सर म्हणाले. "तुझ्यासारख्या पन्नास मिळतात."

"मिळतील. पण फाइल कुठे सापडली?"

इक्बालने कन्सोलवरून वर बघितलं नाही. सीन तिचाच होता, फाइल कुठे होती ते केतकीला माहीत होतं. तीही बोलली नाही. मी निघाले.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "मला खूप वाईट वाटलं गं." मी लिहिलं, "वाईट स्टुडिओत वाटायला हवं होतं." त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

मालिका आली. मेकॅनिकला पहिल्या भागापासून दुसऱ्याच मुलीचा आवाज आहे; माझे आठही भाग सरांनी पुन्हा करून घेतले. तडका भरपूर आहे आणि लोक हसतात. कॅप्टन माझी वाक्यं बोलते. शेवटी नाव सरांचं येतं. केतकीचं कौतुक झालं. मी ते वाचलं आणि जळले. खोटं कशाला बोलू? अजूनही जळते.

पण आता नुसती जळत बसत नाही. प्रत्येक भागाचे संवाद माझ्या वहीत आहेत, माझ्या अक्षरात, खाडाखोडीसकट. ते घेऊन मी कलाकारांच्या संघटनेत लेखी तक्रार दिली आहे. नावाबद्दल आणि त्या पर्सबद्दल. सरांचा निरोप आला होता की तक्रार मागे घे, पुढच्या मालिकेत हिरॉइन देतो. मी मागे घेतलेली नाही. सुनावणीला ते वकील आणतील, म्हणे. आणू देत. मी आईला घेऊन जाणार आहे आणि तिथे मालवणीत बोलणार आहे. ज्याला हसायचं असेल त्याने माझ्या तोंडावर हसावं.