सरकीचं गाणं

केसरबाईनं गाणी रचली ढीगभर, पण लोकांनी तिचं एकच गाणं उचललं. बाकीची तिच्याबरोबर गेली. ही हकिगत मला माझ्या आत्यानं, रतनबाईनं सांगितली. आत्या तिच्या शेजारची, आणि जे घडलं ते तिनं समोर उभं राहून पाहिलेलं.

धारूरच्या घाटाखालच्या वाडीत केसरबाई नांदायला आली तेव्हा निजामाचा अंमल होता. नवरा सटवा, दीर धोंडीराम, चार एकर कापूस. नणंदेचं लग्न निघालं तेव्हा जात्यावर बसून तिनं पाठवणीचं गाणं जुळवलं. लेक सासरी निघाली की आई गाडीच्या बैलालाच विनवते:

बैलराजा, चाल हळू, तुला घालीन मी सरकी
लेक माझी चालली रं, एका दिसात परकी

पाठवणीच्या वेळी बायका रडतातच, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी वऱ्हाडातले मिशीवाले बाप्येसुद्धा उपरण्यानं डोळे पुसत होते. वऱ्हाड तेलगावचं. ते गाणं घेऊनच परत गेलं. पुढच्या लग्नसराईत घाटनांदुरापर्यंत त्याचा गाजावाजा झाला. मग केसरबाईला न्यायला गाड्या येऊ लागल्या. मोहनराव देशमुखांनी लेकीच्या लग्नाला तिच्यासाठी आपली छपराची दमणी गाडी पाठवली, तेव्हा सटवा गडी दोन दिवस पागोटं तिरकं करून फिरत होता. रीतच पडून गेली: सरकीचं गाणं झाल्याशिवाय गाडीवान कासरा हातात घेत नसे.

तिनं टोळधाडीवर रचलं, पोलिसातल्या अमीनसाहेबाच्या तुर्रेदार टोपीवर रचलं. ते तर आत्या सांगते लई झकास होतं. पण तिनं दुसरं काही सुरू केलं की बायका म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ द्या हो, सरकीचं म्हणा." एक लेकरू लाडकं झालं की बाकीची आपोआप सावत्र होतात.

मग मानमोडीची साथ आली. सकाळी कापूस वेचायला गेलेला सटवा संध्याकाळी तापानं फणफणला आणि तिसऱ्या दिवशी गेला. केसरबाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या, आणि गाड्या यायच्या थांबल्या. विधवेनं मांडवात पाऊल टाकायचं नाही, मग गाणं कुठून म्हणणार? गाणं मात्र सगळीकडे चालू होतं. ते सवाष्ण राहिलं आणि रचणारी विधवा झाली! शेजारच्या लग्नात बायका तिचं गाणं म्हणायच्या, ही भिंतीआड शेण्या रचत बसायची. मला याचा अजून संताप येतो. आत्याला येत नाही. ती म्हणते, "आमाला तवा त्यात काई वंगाळ वाटलंच न्हाई बघ."

केसरबाईची एकुलती एक लेक शिवकन्या. हिच्या कानावर ते गाणं पाळण्यातच पडलेलं. "माझ्या लग्नात आईच म्हणणार," असं पोर लहानपणापासून मैत्रिणींना सांगायची. तिला घाटनांदुरात दिली. कन्यादान धोंडीरामानं आणि त्याच्या बायकोनं केलं; केसरबाई आतल्या खोलीत. पाठवणीला बायकांनी गाण्याला तोंड फोडलं तशी शिवकन्या गाडीचं चाक धरून उभी राहिली.

"तुमी नगं. माझ्या आईनं म्हटल्याबिगर मी गाडीत बसणार न्हाई."

विहीणबाई मंजुळाबाईंचं तोंड काळवंडलं. धोंडीराम मात्र भला माणूस. तो खोलीत गेला.

"वैनी, म्हणा. लोकांचं मी बघून घेतो."

"न्हाई, भाऊजी."

"कावून न्हाई? पोर अडून बसली हाय."

"माझा आवाज वंगाळ हाय. तिच्या कुंकवाला लागंल."

दुसऱ्या कुणी अडवलं नव्हतं हो! ज्या रिवाजानं तिला भिंतीआड बसवलं, तोच तिच्याही हाडीमाशी खिळलेला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. शिवकन्येनं बराच वेळ वाट पाहिली आणि मागं न बघता गाडीत बसली.

पंचमीला माहेरी आली तेव्हा एवढंच बोलली, "जगाच्या लेकींना म्हणलीस, मलाच न्हाई."

पहिल्या बाळंतपणाला पोर सातव्या महिन्यात माहेरी आली. दोघींत जेवणाखाण्यापुरतंच बोलणं. केसरबाईनं आत्याला सांगितलं होतं, "सुखरूप सुटू दे, मग घरात दार लावून म्हणते तिच्यापाशी. एवढ्यात नगं, पोटात लेकरू हाय." किती ते भ्यावं माणसानं!

शिवकन्या सुटली नाही. दीड दिवस कळा दिल्या आणि लेकरासकट गेली.

सवाष्णीचं मरण म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. ते सगळं सवाष्णींनीच करायचं, म्हणून आईला तिथंही बाजूला बसवलं. चौघांनी ताटी उचलली आणि केसरबाई उठली. अंगणाच्या मधोमध आली आणि मोकळ्या गळ्यानं गाऊ लागली. बैलराजा, चाल हळू. पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, एक शब्द न गाळता. खांदेकरी जागच्या जागी थांबले. कुणी तिला गप्प केलं नाही. आता कुणाच्या कुंकवाला लागणार होता तो आवाज?

त्या अंगणात ज्या बायका होत्या, त्याच पंचक्रोशीत लग्नाला गाणाऱ्या. नंतर त्यांच्या तोंडून ते गाणं निघेना. पुढच्या लग्नसराईत एकीनं सवयीनं सुरुवात केली, तर नवरीच्या आजीनं धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. मढ्यावर म्हटलेलं गाणं मांडवात कोण म्हणू देईल? दोन वर्षांत ते तेलगावातून गेलं, घाटनांदुरातून गेलं. मला या दोन ओळी मिळाल्या त्याही आत्यानं कुजबुजत सांगितल्या. पुढचं म्हणायला ती तयार नाही.

केसरबाई त्यानंतर पुष्कळ जगली. एकदा आत्यानं तिला विचारलं, "सोन्यासारखं गाणं तुझ्यापायी बुडालं, वाईट वाटत न्हाई का?"

"बुडालं कशानं?" केसरबाई म्हणाली. "जिचं व्हतं तिला दिलं. लई उशिरा दिलं, बाई."