मास्तर एलिया यांनी तीनदा सांगितलं होतं

आमच्या बटालियनला शांतिसेनेत एक वर्षाचं पोस्टिंग मिळालं तेव्हा मी सुभेदार होतो. वय त्रेचाळीस, नोकरी चोवीस वर्षांची. देश आफ्रिकेतला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती माणसं अजून तिथेच राहतात. माझ्याकडे तीस जवान, तीन गाड्या आणि डोंगरावरची एक पोस्ट होती. टोप्या निळ्या, गाड्या पांढऱ्या. स्वतःचा किंवा नागरिकांचा जीव वाचवायचा असेल तरच गोळी, असा हुकूम होता.

वसईतल्या ज्या मंडळाच्या अंकासाठी हे लिहितो आहे, त्यातल्या मुलामुलींनी ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकलेली आहे. चंदनसारच्या आमच्या सोसायटीत, शाळांमध्ये, पापडीच्या शिबिरात मी ती वीस वर्षं सांगत आलो. तिच्यात आम्ही एका गावाला बसवून दिलेला हातपंप असतो आणि परतीच्या वाटेवर बंडखोरांच्या गोळीने गेलेला नाईक दत्तू शेलार असतो. ती गोष्ट पूर्ण नव्हती आणि जिथे पूर्ण होती तिथे खरी नव्हती.

मंडळ इथली बावखलं, म्हणजे वाडीतली जुनी तळी, साफ करतं आणि परदेशातल्या गावांशी पाण्याच्या कामावर व्हिडिओ कॉलवरून बोलतं. त्यांनी काय केलं, आपण काय केलं, काय चुकलं. गेल्या उन्हाळ्यात त्या गटांमध्ये मी जिथे होतो त्या भागातला एक गट आला. मंडळाने माझा हातपंपाचा फोटो त्यांना पाठवला. आठ दिवसांनी मंडळाचं काम बघणाऱ्या मेघनाताई घरी आल्या.

"काका, तिकडे रूथ नावाच्या शिक्षिका आहेत. तुमच्या फोटोत त्यांचे वडील आहेत म्हणतात."

"कोणते?"

"तुमच्या शेजारी. चष्मेवाले."

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. रूथने लिहिलं होतं की छावणीत कामावर असताना मेलेल्यांच्या नावांचा फलक होता, त्यावर तिच्या वडिलांचं नाव कधी लागलं नाही. गावात म्हणतात, त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी सैनिकांपासून ते लपवलं. शेवटी एकच प्रश्न होता. हे खरं आहे का? असेल तर तसं सांगा, मी मुलांना तेच सांगेन.

मी पत्राची घडी घातली. मेघनाताईंना म्हणालो, दोन दिवस द्या.

चष्मेवाले म्हणजे एलिया, आमचे दुभाषे. आधी शाळामास्तर होते, शाळा जळाल्यावर आमच्याकडे आले. इंग्रजी चांगलं बोलत. हिंदी त्यांना जवानांनी शिकवलं आणि मराठी शिकवायचा ठेका दत्तूने घेतला होता. रोज ०६०० ला पीटी, ०७०० ला चहा, ०८०० ला गस्त. चहाच्या वेळी दत्तूचा वर्ग.

"मास्तर, म्हणा, च्यायला."

"अर्थ काय?"

"अर्थ नाय मास्तर, नुसतं बरं वाटतं."

"मग हे अशुद्ध आहे," मास्तर इंग्रजीत म्हणायचे. "शिकणाऱ्याला आधी अर्थ, मग शब्द."

"सुभेदारसाहेब, हे बघा, आफ्रिकेत येऊन पण मला नापासच करतायत."

दत्तू एकोणतीस वर्षांचा. मूळचा साताऱ्याकडचा, पण घरच्यांनी नुकताच विरारला फ्लॅट घेतला होता. मी वसईच्या खाडीकाठचा, म्हणून तो मला गाववाले म्हणायचा.

पोस्टच्या खाली डोंगरउतारावर दोन गावं होती, वरचं आणि खालचं. दोघांत एकच झरा. उन्हाळ्यात तो आटायचा आणि भांडणं व्हायची. वरून आदेश आला की जनतेच्या उपयोगाचं एखादं लहान काम हाती घ्या आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण करा. मी हातपंप सुचवला. माझं लहानपण भातशेतीत गेलं, पाण्याचं मला कळतं असा माझा समज होता. बोअरची गाडी आली, वरच्या गावाच्या हद्दीत जागा ठरली आणि एका सोमवारी १६३० वाजता पाणी लागलं. शुक्रवारी ११०० वाजता उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे हेलिकॉप्टरने येणार होते.

सोमवारी संध्याकाळीच मास्तर माझ्याकडे आले. दत्तू तिथे वायरलेस सेट पुसत बसला होता.

मास्तर म्हणाले, "सर, इथली रीत आहे. नवं पाणी लागलं की ते पहिल्यांदा दुसऱ्या गावातली सगळ्यांत म्हातारी बाई पिते. ती प्यायली की पाणी दोघांचं. त्याआधी कुणी प्यायलं तर ते पाणी चोरीचं."

"मग बोलवा तिला शुक्रवारी."

"खालच्या गावात सुतक आहे. नऊ दिवस ते बाहेरचं पाणी घेत नाहीत. पुढच्या सोमवारपर्यंत थांबावं लागेल."

मी म्हणालो, बघतो.

बुधवारी चहाच्या वेळी त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, पाहुण्यांची तारीख बदलत नसते. दत्तू म्हणाला, "साहेब, वर विचारून तर बघू." मी त्याला सेट नीट पुसायला सांगितलं. कंपनी हेडक्वार्टरला मी ही गोष्ट कळवलीच नाही. कळवली असती तर आमचे मेजरसाहेब कदाचित थांबले असते. पण मुदत पाळणारी पहिली पोस्ट आमची होणार होती आणि मला ती व्हायला हवी होती.

शुक्रवारी ०८१५ वाजता गाडीत बसताना मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले, "सर, आज फक्त भाषणं होऊ द्या. पाणी काढू नका."

मी उत्तर दिलं, "मी त्याची व्यवस्था केली आहे."

व्यवस्था म्हणजे नारळ. आमच्याकडे नवी विहीर लागली की नारळ फोडतात. मी बटालियनच्या मंदिरातून एक नारळ मागवून घेतला होता. मला खरंच वाटलं होतं की मान दिला म्हणजे झालं, मग तो कोणत्या रीतीने का असेना. ११०५ ला मी पंपाच्या चौथऱ्यावर नारळ फोडला. पाहुण्यांनी दांडा मारला. वरच्या गावचा मुखिया ओंजळीने प्यायला. टाळ्या झाल्या, फोटो झाला. खालच्या गावचे तीन म्हातारे लांब झाडाखाली उभे होते. नारळ फुटल्यावर ते एकमेकांकडे बघून निघून गेले. मास्तर त्यांच्या मागे दहा-वीस पावलं गेले आणि परत आले. 

११५० ला हेलिकॉप्टर उडालं. १२०५ ला आम्ही निघालो. १२२० ला खालच्या गावाच्या वळणावर रस्त्यात झाड आडवं टाकलेलं दिसलं. पंधरा माणसं, चार बंदुका. मी सेट घेतला आणि कंपनी हेडक्वार्टरला, म्हणजे चार्लीला, हाक दिली.

"चार्ली, चार्ली, चार्ली वन. रोड ब्लॉक. पंधरा माणसं, चार हत्यारं. ओव्हर."

"चार्ली. बंडखोर? ओव्हर."

"चार्ली वन. गाववाले वाटतात. ओव्हर."

"चार्ली. गोळी नाही. बोलून मोकळं करा. ओव्हर."

"चार्ली वन, रॉजर. आउट."

मास्तरांनी दार उघडलं होतं. ते हिंदीत म्हणाले, "साहब, आप बैठिए. मैं बोलता हूँ. मेरे पीछे कोई नहीं."

ते दोन्ही हात वर करून चालत गेले. झाडाशी पोचले, बोलायला लागले. समोरच्या एकाने बंदूक खाली केल्याचं मी पाहिलं. तीन-चार मिनिटं गेली. मला काही ऐकू येत नव्हतं आणि थांबणं मला जमलं नाही.

मी म्हणालो, "दत्तू, उतर. त्यांच्या मागे दहा पावलं."

"साहेब, मास्तर नको म्हणाले."

"ऑर्डर आहे."

तो उतरला. रायफल त्याने जमिनीकडे धरली होती. सहा पावलं गेला असेल. पहिली गोळी त्याच्या मानेला लागली. मास्तर वळले आणि त्याच्याकडे धावले. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, जखमेवर हात दाबला. दुसरी गोळी त्यांच्या पाठीत शिरली. आम्ही हवेत फायर केला, माणसं पांगली. सगळं मिळून दोन मिनिटं.

दत्तू १२४२ ला गेला. मास्तर १३१० ला, गाडीत. त्यांचा चष्मा माझ्या खिशात राहिला होता. तो त्यांच्या सामानाबरोबर घरी गेला, एवढं मी केलं.

तीन आठवड्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली. पीठासीन अधिकारी कर्नल होते. त्यांनी विचारलं, "दुभाष्याने या वादाची पूर्वकल्पना दिली होती?"

मी म्हणालो, "नो सर."

"शुअर?"

"यस सर."

ते बोलणं ऐकलेले आम्ही तिघंच होतो. दोघे उरले नव्हते. अहवालात आलं की दुभाषा स्थानिक असून त्याने माहिती दिली नाही. म्हणून फलकावर दत्तूचं नाव लागलं, त्यांचं नाही. मला प्रशंसापत्र मिळालं. पंपाला पुढे कुणी हात लावला नाही. आम्ही परत निघालो तेव्हा दांड्याला गंज चढला होता. ही ओळ मी कोणत्याही भाषणात सांगितलेली नाही.

रूथचं पत्र आलं त्या दिवशी मी हे सगळं पहिल्यांदा बायकोला सांगितलं. ती वसईतल्या होळी नावाच्या बाजारात विकायला न्यायच्या, आमच्या वाडीच्या पालकाच्या जुड्या बांधत होती. तिचा हात थांबला नाही.

"आपल्याकडं बाजूवाल्याला इचारल्याबिगर पाट तरी फोडला असता का तुमी?"

"नाही."

"मग तितं कसा फोडला?"

  पाट फोडण्याआधी बांधावर जाऊन विचारायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मंडळातल्या मुलांनी परक्या गावाच्या कामात हात घालताना माझ्याकडून काही घ्यायचं असेल तर बायकोचा हा प्रश्न घ्यावा.

मेघनाताईंनी माझं निवेदन इंग्रजीत उतरवलं. तारखा, वेळा, तीन वेळचं बोलणं, माझी ऑर्डर आणि माझं खोटं. मी प्रत्येक पानावर सही केली. एक प्रत सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला गेली, पोच आली. दुसरी फलक ज्यांच्याकडे होता त्या कार्यालयाला पाठवली, ती परत आली. शांतिसेनेची ती मोहीम केव्हाच बंद झाली होती. फलक कुठे आहे हे शोधायचं काम मेघनाताई अजून करत आहेत.

तिसरी प्रत मी रूथला स्वतः वाचून दाखवली. शनिवारी दुपारी, पापडीतल्या मंडळाच्या शेडमध्ये, पडद्यासमोर. रूथ आता माझ्या त्या वेळच्या वयाची आहे. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. वाचून संपल्यावर ती बोलली. पडद्यावरून तिचं इंग्रजी मला नीट कळत नव्हतं, म्हणून मेघनाताई तिचं बोलणं मराठीत सांगत गेल्या.

"तुमच्या त्या सैनिकाला घरी कोणी आहे का?"

"आई आहे. भाऊ आहे."

"त्यांना हे माहीत आहे?"

"नाही."

"मग माझी माफी आत्ता मागू नका. आधी त्यांच्याकडे जा."

दत्तूची आई आणि धाकटा भाऊ विलास माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात. दत्तूच्या तिथीला मी दर वर्षी तिथे जेवायला जायचो. ताटाशेजारी वेगळं पान वाढलेलं असायचं, दत्तूचं. मी त्या पानासमोर बसून वीस वर्षं जेवलो.

रविवारी सकाळी दहाला गेलो. विलासने चहा ठेवला. मी म्हणालो, आधी ऐका. उभा राहूनच सांगितलं. विलास मधेच उठून गॅलरीत गेला. आईंचं वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं. काही वाक्यं मला दोनदा, मोठ्याने सांगावी लागली. "मी त्याला पाठवलं" हे वाक्य दोनदा सांगितलं.

आई म्हणाल्या, "दत्तू नको म्हनला होता?"

"हो."

"आन त्या मास्तरांना गोळी कशानं लागली?"

"दत्तूला धरायला धावले म्हणून."

"त्यांच्या मांडीवर होता?"

"हो. मी पाहिलं."

त्यांनी मान हलवली. चहा उकळून खाली सांडला, विलासने येऊन गॅस बंद केला. तो म्हणाला, "काका, तुम्ही निघा आता." मी निघालो.

तिथीच्या चार दिवस आधी विलासचा फोन आला.

"आई विचारतेय, त्या मास्तरांना खायला काय आवडायचं? तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

मला माहीत नव्हतं. वर्षभर एका टेबलावर चहा प्यायलो, कधी विचारलं नव्हतं. मेघनाताईंकडून रूथला विचारलं. भाजलेली रताळी, मीठ लावून.

विलासला कळवलं. तो म्हणाला, "ठीक आहे. यंदा दोन पानं वाढणार आहोत. पण तुम्ही येऊ नका, काका. आई तसं म्हणाली."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तिथीच्या सकाळी मी होळीच्या बाजारातून दोन किलो रताळी निवडून घेतली. विलासने दार अर्धं उघडून पिशवी घेतली. आतून तिथीच्या स्वयंपाकाचा वास येत होता. मी जिना उतरलो. साडेबाराला घरी होतो. साधारण त्याच वेळी त्यांनी पानं वाढली असतील, एक नाईक दत्तू शेलार यांचं आणि दुसरं मास्तर एलिया यांचं.