पसंतीचा कागद

कामगारानं दिलेली शिवी साहेबांच्या कानापर्यंत जाता जाता तिचा नमस्कार व्हायचा, ही तिची करामत. म्हणून कारखान्यात तिला सगळे साखरबाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या यादीत होतं, ते तिथंच राहिलं.

गाडीच्या दारांना आतून रबरी पट्टी असते ना, पाणी-वारा आत येऊ नये म्हणून, त्या पट्ट्यांचा कारखाना. मालक जपानी, कामगार इथले, आणि मधे ही. एकदा ऐन उन्हाळ्यात, साच्यात रबर दाबतात त्या प्रेस खात्यातला पंखा बंद पडला. साचे आधीच तापलेले, त्यात वारा नाही. मोठे साहेब फेरीला आले तेव्हा एक प्रेसवाला त्यांच्या तोंडावर म्हणाला, तुझ्या बापाला आणून उभा कर इथं, मग कळेल. साहेबांनी साखरबाईकडे बघितलं. ती जपानीत म्हणाली, कामगारांना वाटतं की वयस्कर माणसाला ही उष्णता सोसायची नाही. दोन तासांत नवा पंखा लागला. त्या प्रेसवाल्यानं पुढं महिनाभर, जो भेटेल त्याला सांगितलं की साहेबाचा बाप काढला तर पंखा मिळतो.

ती काही शिकूनसवरून कारखान्यात आलेली नव्हती. नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा एक ट्रंक घेऊन दादाच्या दारात उभी राहिली. दादा तिथंच प्रेसवर. त्यानं का, कसं, कधी, काही विचारलं नाही. ट्रंक उचलून आतल्या खोलीत नेली आणि आठवड्यानं स्वतःच्या शब्दावर हिला पॅकिंगला लावली. खोक्यांवर लेबल चिकटवता चिकटवता हिला त्यावरची जपानी अक्षरं ओळखू यायला लागली. मग कंपनीनं पाळी सुटल्यावर जपानीचा वर्ग काढला. शिकवायला एक निवृत्त मास्तर, बारीक, सतत खोकणारे. पहिल्या दिवशी चाळीस जण बसले, कारण चहा फुकट होता. चहा बंद झाला तसे बारा उरले. वरच्या परीक्षेपर्यंत ही एकटीच.

ती वर्गात बसायची त्या वेळात घरी बापाला कुशीवर वळवायचं काम तिच्या वाटणीचं. बापाचं डावं अंग गेलेलं. दर दोन तासांनी वळवलं नाही तर पाठ सडायची. सहा वर्षं तिच्या वाटणीचं ते काम दादानं केलं. आठ तास प्रेसवर उभा राहून आलेला माणूस, डाव्या हाताची दोन बोटं भाजून आखडलेली, त्याच हातानं बापाला वळवायचा आणि म्हणायचा, ती शिकतेय, शिकू दे.

वरच्या पुस्तकात एक धडा होता. दोन्ही गोष्टी वाईट आहेत, तरी त्यातली एक घ्यायचीच आहे, तर ते जपानीत कसं म्हणायचं. आधी जी नकोच ती सांगायची, मग तिच्यापेक्षा सोसवेल ती. मास्तर म्हणाले, आपल्याकडं नाही का, दगडापेक्षा वीट मऊ, तसं. पण एक ध्यानात ठेव, हे बोलणाऱ्याला वीटही नकोच असते, आणि ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. कळलं नाही तर वाक्य फुकट गेलं. मग त्यांनी तिच्याकडून दहा वाक्यं करून घेतली. वहिनीच्या हातचं खाण्यापेक्षा उपाशी राहिलेलं परवडलं, हे पहिलं. घरी येऊन तिनं ते वहिनीला मराठीत ऐकवलं, तर वहिनी म्हणाली, मग राहा की उपाशी. आणि खरंच त्या दिवशी ताट वाढलं नाही.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मास्तर गेले. साखरबाई दुभाषी म्हणून पक्की झाली, तिला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. आणि मग प्रेस खातं बंद करायचं ठरलं.

यंत्रं उचलून नव्या कारखान्यात न्यायची होती, रेल्वेनं अकरा तासांवर. प्रेस खात्यातली माणसं बासष्ट. त्यांच्यासाठी एक कागद निघाला. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, पसंतीपत्रक. खाली दोन चौकोन. एक, नव्या जागी मदतनीस म्हणून जायला तयार. दोन, एकरकमी पैसे घेऊन स्वखुशीनं निवृत्ती. खाली चार ओळी मोकळ्या, कामगाराचं म्हणणं लिहायला. तिसरा चौकोन नव्हता. कुणालाही काढलेलं नाही, ज्यानं त्यानं आपल्या पसंतीनं ठरवलं, असं वरच्या ऑफिसला दाखवायचं होतं.

हा कागद काढला तो पर्सनलवाल्यानं. जपानी नव्हे, आपलाच माणूस. त्याच्या पँटची घडी कधी मोडायची नाही म्हणून कामगार त्याला इस्त्री म्हणत. त्यानं पद्धतही बसवून दिली. कामगारानं दारातच सही करायची, पगारपत्रकावर करतात तशी; मग आत यायचं, काय ते बोलायचं. चौकोनात खूण साखरबाई करणार, म्हणणं जपानीत तीच लिहिणार, आणि समोर मोठे साहेब बसून ऐकणार. सही आधी कशाला, असं एकानं विचारलं. इस्त्री म्हणाला, ही नुसती आल्याची सही आहे. वीस-वीस वर्षं सही करून पाकीट घेतलेली माणसं. केली सगळ्यांनी.

पहिल्या दिवशी साखरबाईनं इमानानं लिहिलं. एक जण म्हणाला, परक्या मुलखात ह्या वयात झाडू मारण्यापेक्षा इथं भीक मागितलेली बरी. ते वाक्य तिनं त्या धड्यातल्यासारखं, जसंच्या तसं बसवलं. साहेबांनी वाचलं. मान वर केली. विचारलं, हा माणूस असं म्हणाला? ती हो म्हणाली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. दुपारी इस्त्रीनं तिला बाजूला घेतलं. म्हणाला, बाई, तुम्ही कुठं कविता लिहिताय? निवृत्ती पसंत, एवढं लिहा. असल्या शब्दांनी फायली अडतात, आणि फाईल अडली की ह्यांचीच रक्कम अडते. एरवी तर तुम्ही मऊच करता की.

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं मऊ केलं. निवृत्ती पसंत. निवृत्ती पसंत. नव्या जागी जाण्यास आनंदाने तयार. गठ्ठा वाढत गेला. वाचणाऱ्याला वाटावं, ह्या कारखान्यात सगळे एकमेकांहून सुखी.

एक गोष्ट इस्त्रीनं तिला शेवटी सांगितली, तीही सहज, पाणी पिता पिता. जो दोन्हीला नाही म्हणेल, त्याचा कागद कोरा धरायचा. कोरा म्हणजे काम सोडून गेला. त्याला रक्कमही नाही आणि पेन्शनला कमी पडणाऱ्या तीन-चार वर्षांची भरपाईही नाही.

दादाची निवृत्ती तीन वर्षांवर आलेली. बावन्नच्या पुढं वय, हात आखडलेला. दुसऱ्या कुठल्या फाटकावर त्याला उभं केलं नसतं. अकरा तास लांब गेला तर बापाला कोण वळवणार? घरात तीन दिवस ह्यावर कुणी शब्द काढला नाही. दादा जेवायचा, हात धुवायचा, बापाच्या खोलीत जाऊन बसायचा. चौथ्या दिवशी सकाळी भांडी घासता घासता वहिनी म्हणाली, "आज त्यांची पाळी आहे ना?"

"हो."

"ते काहीही बोलू देत. तू मात्र नीट कर."

नीट म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं. 

अकराला दादा आत आला. दारात सही करून आलेला. बस म्हटलं तर बसला नाही. बहिणीकडे बघितलं नाही, साहेबांकडेच बघत राहिला आणि शांतपणे, प्रेसचं काम समजावून द्यावं तसं बोलला.

"ह्यांना सांग, मला हे पण नको आणि ते पण नको. माझी पसंती म्हणून ह्या कागदावर काही लिहिण्यापेक्षा मला हाकललेलं परवडलं. हाकललं तर लोक म्हणतील, हाकललं. ते खरं तरी असेल."

मग तिच्याकडे वळला. "आणि हे मी म्हणतो तसंच सांग. मऊ करू नकोस."

इतकी वर्षं ह्या भाषेत ती बोलली, पण जिच्यासाठी मास्तरांच्या धड्यातलं ते वाक्य बनलेलं असावं अशी गोष्ट तिच्या स्वतःच्या घरातून पहिल्यांदाच आली होती. शब्द तिच्या जिभेवर तयार होते. एक अक्षर इकडचं तिकडं करावं लागलं नसतं. शेजारी इस्त्री घड्याळ बघत होता. बोलली तर कागद कोरा, आणि घर रस्त्यावर. न बोलली तर हा दादा.

ती साहेबांना जपानीत म्हणाली, "त्यांना निवृत्ती पसंत आहे. इतकी वर्षं काम दिलंत, त्याबद्दल ते आभारी आहेत."

साहेबांनी दादाच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा आणि आभार ह्यांचा मेळ बसत नव्हता. त्यांनी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. मग साहेब खुर्चीतून उठले आणि दादापुढं कमरेत वाकले, चांगले खालपर्यंत. दादा गोंधळला. त्यानंही मान जराशी लववली. जाता जाता दारात थांबून त्यानं विचारलं, "तसंच सांगितलंस ना?"

"हो."

तो गेल्यावर तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली.

पुढचे आठ दिवस दादा वेगळाच माणूस होता. गल्लीच्या तोंडाशी दाढी करून घेताना न्हाव्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, बापाला तर रोज सांगितलं, त्याला कळो न कळो. मी तोंडावर सांगितलं की हाकला मला. आणि तो एवढा मोठा माणूस, उठून वाकला. खरं बोलणाऱ्याची किंमत त्या लोकांना आहे. कंपनी काही देणार नाही तर नको देऊ दे. फाटकाबाहेर पंक्चर काढायचं टपरं टाकीन, रबर तर आयुष्यभर हाताळलंय. प्रेस खात्यातले दोस्त संध्याकाळी येऊन बसायला लागले. ज्यांनी मान खाली घालून निवृत्ती मागितली होती ते त्याच्याकडून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायचे. एक जण तर म्हणाला, आम्हा बासष्टांत एक तरी निघाला. साखरबाई आत चहा करायची. वहिनी तिच्याकडे बघायची नाही.

नवव्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर यादी लागली. वर लिहिलेलं, स्वखुशीने निवृत्ती पसंत केलेले कामगार. दादा सगळ्यांबरोबर बघायला गेला, दोस्तांची नावं आहेत का ते बघायला. सातव्या ओळीत स्वतःचं दिसलं. शेजारचा हसला. फार नाही, जरासा. तेवढा पुरला.

घरी आला तेव्हा ती बापाला वळवत होती. त्यानं उशी नीट लावली, बापाचा हात पोटावर ठेवला आणि मग विचारलं, "काय सांगितलं होतंस?"

तिनं सांगितलं. आभारी आहेत, हेसुद्धा.

"म्हणजे मी मागितलं असं झालं."

"नाहीतर हातात काही आलं नसतं, दादा. कागद कोरा धरणार होते."

"मला माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"इस्त्रीनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं सगळ्यांना," दादा म्हणाला. "माहीत असूनच बोललो मी. एवढं एकच माझ्या हातात होतं."

"घराचं काय झालं असतं?"

"वाईट झालं असतं. तू विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"मग नाहीच म्हणायचं होतं मला."

रक्कम आली, वेळेवर. बापासाठी खालीवर होणारी खाट आली, वळवायचं काम निम्म्यावर आलं. वहिनीनं साखरबाईला त्याबद्दल काही म्हटलं नाही, पण तिच्या ताटात वाढताना हात सैल झाला. दादानं टपरं टाकलं नाही. संध्याकाळी यायचे ते दोस्त यायचे थांबले.

भांडण झालं नाही. दादा आवाज चढवून कधी बोललाच नाही. यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरून कामाला निघाली, तर तो दारात उभा होता. वाट द्यायला बाजूला सरकला आणि एखाद्या ऑफिसातल्या बाईशी बोलावं तसा म्हणाला, "ताई, तुम्ही छत्री घेतलीत का?"

धाकट्या बहिणीला. तिला वाटलं, राग आहे, आठवड्यात जाईल. आज चार वर्षं झाली. बोलणं रोजचं आहे, घरात कमी काही नाही. तुम्ही जेवलात का, तुम्ही बसा, तुम्हाला उशीर होतोय.